दहा हजार वर्षांनंतरच्या वाचकासाठी

१/ फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओल्किलुओतो बेटाच्या खडकात, ४०० मीटरहून अधिक खोलीवर ‘ओंकालो’ नावाचे भुयार खोदण्यात आले आहे. अणुभट्ट्यांतील वापरलेले इंधन तेथे तांब्याच्या आवरणात १ लाख वर्षे निर्धोक राहावे, अशी त्याची रचना आहे. मानवाच्या लेखनविद्येचे वय मात्र सुमारे ५ हजार वर्षे आहे.

२/ प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४ हजार वर्षे लागतात. त्यामुळे या कचऱ्याचा प्रश्न जितका अभियांत्रिकीचा, तितकाच भाषेचाही आहे. ‘येथे खणू नका’ हे इतक्या दूरच्या माणसाला कसे सांगावे?

३/ अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९८१ साली यासाठी एक अभ्यासगट नेमला. चिन्हशास्त्रज्ञ टॉमस सेबेओक यांनी १९८४ च्या अहवालात सुचवले, की एकच शाश्वत संदेश लिहिण्याऐवजी दर तीन पिढ्यांनी तो नव्या भाषेत उतरवावा आणि हे काम एका ‘अणु-पुरोहितवर्गा’कडे सोपवावे.

४/ पुढे न्यू मेक्सिकोतील मिठाच्या थरांमधील कचराकोठारासाठी १० हजार वर्षांची मुदत धरून तज्ज्ञांनी आराखडे केले. त्यांपैकी एका आराखड्यात जमिनीतून उसळलेले प्रचंड काटे होते, कारण भाषा विसरली तरी भय उरेल, असा तर्क होता.

५/ इतिहासाची साक्ष येथे बोलकी आहे. आपला धर्मलेख चंद्रसूर्य असेतोवर टिकावा, अशी अशोकाची इच्छा होती. शिळा टिकली, पण लिपी विस्मरणात गेली. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपऱ्याचा स्तंभ दिल्लीला आणला, तेव्हा तो वाचू शकणारा कोणीही सापडला नाही. ब्राह्मीचा उलगडा प्रिन्सेपने केला, तो १८३७ च्या सुमारास.

६/ मग चित्र तरी पुरते का? महाराष्ट्र-गोव्यातील गद्धेगाळांनी हा प्रयोग केव्हाच केला आहे. वर चंद्रसूर्य, मध्ये दानलेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे अश्लील शिल्प. दान मोडणाऱ्याला दिलेली ही शिवी निरक्षरालाही कळावी, हा हेतू. आज अनेक गावांत हे दगड उभे आहेत, पण ते दान आणि तो राजा कोणाच्या स्मरणात नाही. काही ठिकाणी त्यांना शेंदूर लागला, तर काही ठिकाणी ते अशुभ ठरले. धमकीचा दगड पूजेचा देव झाला!

७/ दगड आणि चित्र दोन्ही तगून राहतात, अर्थ मात्र सांभाळणाऱ्या माणसांवाचून तगत नाही. ओंकालोच्या रचनेत म्हणूनच सुरक्षेचा भार कोणाच्या स्मरणावर टाकलेला नाही, तो तांबे, चिकणमाती आणि खडक यांनी वाहायचा आहे. तंत्रज्ञानाने मानवाला लाख वर्षांचे उत्तरदायित्व दिले आहे, तेवढ्या काळाची स्मृती मात्र दिलेली नाही. ती पिढ्यापिढ्यांनी एकमेकींच्या हाती सोपवत जावी लागेल.