कोनसमुद्रमची पोलादी वडी आणि इस्फहानचे पाते

दमास्कसचे पोलाद या नावाने जगभर गाजलेल्या सुऱ्या, खंजीर आणि तलवारी यांच्या पात्यांवर पाण्याच्या बारीक लहरींसारखी जी नक्षी दिसते, ती कोरून किंवा मुलामा देऊन उठवलेली नसते. धातूच्या अंतर्गत रचनेतूनच ती उमटते. फारसी आणि त्यामागोमाग दख्खनी शस्त्रव्यवहारात या नक्षीला जौहर असे म्हणत, आणि पात्याची किंमत बव्हंशी जौहराच्या दर्जावर ठरत असे. युरोपीयांनी या पोलादाला सीरियातील ज्या शहराचे नाव दिले, तेथे तयार पाती विकली जात आणि काही घडवलीही जात, परंतु पोलाद स्वतः दूरवरच्या भट्ट्यांतून येई. तुर्कमेनिस्तानातील मर्व आणि फरगाना खोऱ्यातील अख्सीकत येथे अशा पोलादाच्या मुशींचे मध्ययुगीन अवशेष सापडले आहेत, त्यामुळे हा उद्योग एकट्या भारताचा होता असे म्हणणे योग्य ठरणार नाही. मात्र सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इराणी कारागिरांच्या ऐरणीवर जे पोलाद चढत होते त्याचा मोठा भाग दक्षिण भारतातून, आणि त्यातही गोवळकोंड्याच्या मुलखातून जात होता, याविषयी समकालीन प्रवाशांची साक्ष स्पष्ट आहे. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए याने सतराव्या शतकात नोंदवले की, ज्यावर जौहर उमटवता येतो असे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून इराणात येते. डच कंपनीच्या कागदपत्रांतही मछलीपट्टणच्या परिसरातून समुद्रमार्गे जाणाऱ्या या मालाचे उल्लेख आहेत.

हे पोलाद बनवण्याची रीत साध्या लोहारकामाहून निराळी होती. खनिजापासून भट्टीत मिळणारे लोखंड नरम असते, त्यात कार्बनचे प्रमाण नगण्य असते आणि देशी भट्टीच्या उष्णतेत ते वितळत नाही, केवळ स्पंजासारखा गोळा होऊन बसते; तो गोळा घणाने ठोकून त्यातील मळी, म्हणजे काचेसारखा वितळलेला गाळ, बाहेर काढला की घडाऊ लोखंड मिळते. दक्षिणेतील कारागीर या घडाऊ लोखंडाचे तुकडे वनस्पतिजन्य द्रव्यासह मातीच्या मुशीत घालत आणि मुशीचे तोंड मातीने बंद करीत. मद्रास इलाख्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. बेंजामिन हाइन यांच्या वर्णनात तरवडाची लाकडे आणि रुईची पाने मुशीत घातल्याची माहिती येते. बंद मुशीत तापताना या लाकूडपाल्यातील कार्बन लोखंडात मुरत जातो, त्यामुळे धातूचा वितळणबिंदू खाली येतो आणि अखेर मुशीतला संपूर्ण ऐवज रसरूप होतो. मुशीची माती भाताचे तूस मिसळून मळलेली असे. तूस जळून गेल्यावर त्यातील सिलिका आणि कोळसा मागे राहत आणि त्यांच्या आधाराने मूस इतक्या उष्णतेतही टिकून राहत असे. भट्टी थंड झाल्यावर मूस फोडून जी वाटोळी वडी काढली जाई, तिच्यात कार्बनचे प्रमाण सुमारे दीड टक्का असे. कानडीतील उक्कू या शब्दाशी संबंध जोडला जाणाऱ्या वुट्झ या नावाने पुढे पाश्चात्त्य धातुशास्त्राने हीच वडी ओळखली.

या उद्योगाचे सर्वांत मोलाचे प्रत्यक्ष वर्णन हेन्री व्हॉयसी या शल्यवैद्य-भूगर्भशास्त्रज्ञाने केले आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या निमित्ताने निजामाच्या मुलखात फिरणाऱ्या व्हॉयसीने १८२० च्या सुमारास कोनसमुद्रम या गावी ही भट्टी पाहिली. त्याचे टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नांदेडच्या खाली गोदावरी तेलंगणात शिरते, तेथून पुढे तिच्या दक्षिणेला आजच्या निजामाबाद जिल्ह्यात हे गाव आहे, आणि नांदेड व निजामाबाद हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासालाही हा उद्योग परका नाही. येथील कारागीर एकाच प्रकारच्या लोखंडावर विसंबून राहत नसत, ही व्हॉयसीची नोंद विशेष महत्त्वाची आहे. मिर्तपल्लीचे लोखंड चुंबकीय रेतीपासून, तर कोंडापूरचे लोखंड जांभ्यासारख्या लोहयुक्त मातीतील खनिजापासून काढलेले असे, आणि मुशीत पहिल्याचे तीन भाग व दुसऱ्याचे दोन भाग घालण्याचा प्रघात होता. कारागिरांना कार्बन हे मूलद्रव्य म्हणून ठाऊक नव्हते, तरी कोणत्या गावचे लोखंड किती घातले असता कोणती वडी निघते याचे त्यांचे ज्ञान पक्के होते, आणि या ज्ञानाला केवळ अंदाज म्हणणे अन्यायाचे ठरेल. भट्टीवर माणसे पाळीपाळीने भाते चालवीत, आणि निघालेल्या सुमारे दीड पौंडाच्या वड्या मातीचा लेप देऊन पुन्हा कित्येक तास तापवून हळूहळू निवू दिल्या जात, जेणेकरून त्यांचा ठिसूळपणा कमी होऊन त्या हातोड्याखाली नमत्या होतील. इस्फहानहून आलेला एक व्यापारी त्या वेळी गावात मुक्काम ठोकून स्वतःच्या देखरेखीखाली माल करवून घेत असल्याचेही व्हॉयसीने लिहून ठेवले आहे. ग्राहक एवढ्या दूरवरून भट्टीपाशी येऊन बसतो, यावरून या वडीचा लौकिक आणि तिच्या दर्जातील चढउताराची व्यापाऱ्याला वाटणारी चिंता या दोहोंची कल्पना येते.

वडी हाती आली म्हणजे पाते झाले असे मुळीच नव्हते, आणि या इतिहासातील खरे कौशल्य येथूनच सुरू होते. इराणी कार्द, म्हणजे सरळ पाठीची, एका बाजूला धार असलेली आणि कमरेला बाळगायची सुरी, हे या पोलादाचे सर्वांत संयत आणि सुबक रूप मानता येईल. तिच्यासाठी लोहाराला हाताच्या पंजात मावणाऱ्या जाड वडीतून वीतभर लांबीचे पाते काढावे लागे. साधे लोखंड जितके तापवावे तितके मऊ होते आणि दोन तुकडे सांधायचे असतील तर ते पांढरे होईपर्यंत तापवावे लागते. दीड टक्का कार्बनचे पोलाद तेवढे तापवले तर त्याच्या कणांच्या सीमा वितळू लागतात आणि पहिल्याच घावाला त्याचे तुकडे होतात. उलट ते पुरेसे तापले नाही तरी तडकते. म्हणून लोहार ते लालसर रंगाच्या मर्यादेत ठेवून हलक्या हाताने ठोकत असे, रंग उतरताच पुन्हा भट्टीत घालत असे, आणि वडीचे पाते होईपर्यंत हा क्रम असंख्य वेळा चाले. उष्णतामापक नसताना केवळ रंग पाहून ही मर्यादा राखणे हीच या कलेची किल्ली होती. काही पात्यांवर आडव्या पायऱ्यांची नक्षी दिसते, तिला इराणात चाळीस पायऱ्यांची शिडी म्हणत. ती काढण्यासाठी जवळजवळ तयार झालेल्या पात्यावर ठरावीक अंतराने आडव्या खाचा पाडून पाते पुन्हा ठोकून सपाट करीत, त्यामुळे आतील थर त्या जागी वाकून पृष्ठावर येत. शेवटी कानस आणि सहाणेवर पाते साफ करून त्यावर लोहाच्या सल्फेट-क्षाराचे पाणी फिरवले जाई. पोलादाचा मूळ गाभा त्याने काळवंडतो, कार्बन आणि लोह यांच्या संयुगाचे, म्हणजे सिमेंटाइटचे, अतिकठीण कण मात्र उजळ राहतात, आणि जौहर डोळ्यांना दिसू लागतो. अशी पुष्कळशी जुनी पाती पाण्यात बुडवून कडक केलेली नसून सावकाश निवू दिलेली आढळतात, कारण धारेचे काम हे कठीण कणच करीत आणि गाभा चिवट राहिल्याने पाते सहजी मोडत नसे.

या पोलादाकडे युरोपीय विज्ञानाचे लक्ष मुंबईमार्गे गेले. मुंबई इलाख्यात वैद्य असलेल्या हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे वुट्झचे नमुने पाठवले, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांच्या परीक्षणाचा निबंध सोसायटीपुढे वाचला. धर्मपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरील ग्रंथात स्कॉट आणि हाइन यांचे लेखन समाविष्ट केल्यामुळे ही सामग्री सामान्य वाचकाच्या आवाक्यात आली. लंडनमधील सुऱ्या व शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी वुट्झची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि मायकेल फॅरडे यांच्यासह त्यावर प्रयोग केले. परंतु फॅरडे यांनी १८१९ मध्ये त्याच्या गुणांचे श्रेय ॲल्युमिनिअमसारख्या घटकांना दिले, आणि तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. पॅरिसच्या टांकसाळीतील झाँ-रोबेर ब्रेआँ यांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत नक्षीचे मूळ अतिरिक्त कार्बनमध्ये असल्याचे दाखवले, आणि उरल पर्वतातील झ्लातोउस्त येथे पावेल अनोसोव्ह यांनी दीर्घ प्रयोगांनंतर लहरदार पाती घडवून १८४१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेक युरोपीय लोहारांच्या हातून ही वडी तुकडे होऊन फुटत राहिली याचे कारण वडीच्या दोषात नव्हते. आपल्याकडील कमी कार्बनच्या लोखंडाप्रमाणे ते तिलाही पांढऱ्या रंगापर्यंत तापवीत होते.

नक्षीच्या कारणाचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन आणि सुरीकार अल्फ्रेड पेंड्रे यांनी मुशीत वड्या तयार करून, त्यांची पाती घडवून आणि जुन्या पात्यांशी त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून १९९८ पर्यंत असे दाखवले की, दहा हजार भागांत एखादा भाग इतक्या अत्यल्प प्रमाणात व्हॅनेडिअमसारखे मूलद्रव्य असले, तरी रस थिजताना ते विशिष्ट पट्ट्यांत साचते आणि पुनःपुन्हा तापवण्या-निवण्यात सिमेंटाइटचे कण त्याच पट्ट्यांच्या आधाराने गोळा होतात. म्हणजे खाणीतील खनिज, मुशीतील मिश्रण आणि ऐरणीवरील संयम या तिहींचा जौहरात सारखाच वाटा होता. हा उद्योग एकोणिसाव्या शतकात का लयाला गेला याचा विचारही याच शोधाच्या प्रकाशात करावा लागतो. विलायती पोलादाची स्वस्त आयात, बंदुकांमुळे पात्यांची घटलेली गरज, ब्रिटिश मुलखात जंगलांवर आलेले निर्बंध आणि १८७८ चा शस्त्रकायदा ही कारणे सर्वज्ञात आहेत. त्यांच्या जोडीला योग्य खनिज मिळेनासे होताच वडी तशीच दिसूनही जौहर उमटेनासा झाला असावा, हे व्हर्होव्हन यांचे अनुमान ग्राह्य वाटते, कारण साखळीतील एक दुवा निखळला की उरलेल्या दोघांचे कसब निरुपयोगी ठरते.

आज बाजारात दमास्कस म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्या या परंपरेतल्या नाहीत. दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकमेकांवर रचून, पांढऱ्या उष्णतेत सांधून, दुमडून आणि पिळून काढलेली त्यांवरील नक्षी ही स्वतंत्र आणि जुनी कला आहे. उत्तर युरोपातील मध्ययुगाच्या आरंभीच्या तलवारींवर तिचे उत्तम नमुने आढळतात, आणि अमेरिकी सुरीकार विल्यम मोरन यांनी १९७३ मध्ये अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्यापासून तिला नवे जीवन मिळाले. तिच्यातही कष्ट आणि कौशल्य आहे, परंतु दोन्ही कलांना एकच नाव दिल्याने मुशीतल्या पोलादाचा इतिहास झाकोळतो. बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांनी २०१० मध्ये उत्तर तेलंगणात केलेल्या पाहणीत लोखंड आणि पोलाद बनवण्याच्या शेकडो जागा नोंदल्या गेल्या आहेत. मळीचे ढीग आणि फुटक्या मुशींची खापरे हाच या कारागिरांचा शिल्लक दस्तऐवज आहे; ती खापरे उचलून नेण्याजोगा राडारोडा नव्हेत, आणि त्यांचे रासायनिक विश्लेषण पूर्ण होईपर्यंत या जागा नांगराखाली किंवा रस्त्याच्या भरावाखाली जाऊ देऊ नयेत.