मेल उघडला की पाठवणाऱ्याला कसं कळतं? न दिसणाऱ्या फोटोचा खेळ

चिकोडी : आयकर रिटर्न भरायचे दिवस आले की चिकोडी-निपाणी भागातल्या व्यापाऱ्यांना, नोकरदारांना 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे' असले मेल येऊ लागतात. लिंकवर बोट लावायचं नाही, हे आता बहुतेकांना पाठ झालंय. पण लिंक न दाबता नुसता मेल उघडला, तरी पाठवणाऱ्याला खबर जाऊ शकते. ती पोहोचवतो मेलमधला फोटो.

मेलमधले फोटो दोन तऱ्हेचे. एक मेलला जोडूनच आलेला, तो सहसा बाहेर काही कळवत नाही. दुसरा फोटो मेलमध्ये नसतोच, असतो फक्त त्याचा पत्ता. मेल उघडला की मोबाईल त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे फोटो मागायला जातो. प्रत्येक ग्राहकाच्या मेलमध्ये हा पत्ता थोडा वेगळा ठेवला की झालं. कोणत्या आयडीवरचा मेल किती वाजता उघडला, याची नोंद तिकडे होते. आयपी ॲड्रेसवरून साधारण गाव-शहराचा अंदाज आणि कुठला मोबाईल किंवा ॲप, हेही कळू शकतं. या कामाचा फोटो बहुतेकदा एक बाय एक पिक्सेलचा, पारदर्शक असतो. डोळ्याला दिसत नाही. त्याला ट्रॅकिंग पिक्सेल म्हणतात. रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीवर निदान आपली सही तरी घेत होते!

हे आजचं नाही. 2006 मध्ये अमेरिकेत एचपी कंपनीची आतली बातमी कोण फोडतो हे शोधण्यासाठी एका महिला पत्रकाराला बनावट नावाने माग काढणारा मेल पाठवला गेला. प्रकरण थेट अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेलं.

जीमेलने डिसेंबर 2013 पासून असे फोटो गुगलच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे आपला आयपी ॲड्रेस झाकला जातो, पण मेल उघडल्याची खबर जायची ती जातेच. आयफोनने 2021 मध्ये वेगळी युक्ती काढली. ग्राहकाने मेल उघडो न उघडो, 'मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन' चालू असेल तर ॲपलचं मेल ॲप फोटो आधीच मागवून ठेवतं. म्हणजे मेल पाहिलाच नाही तरी तिकडे 'उघडला' अशी नोंद! उलट फोटो बंद ठेवणाऱ्याने मेल दहादा वाचला तरी नोंद शून्य. तेव्हा 'तुम्ही मेल उघडलात, आमच्याकडे रेकॉर्ड आहे' असं कुणी दटावलं तर तो काही पुरावा नव्हे.

जाहिरातवाल्यांना हा हिशेब ग्राहकसंख्येसाठी लागतो. भामट्यांना लागतो तो आयडी चालू आहे का, हे तपासायला. चालू निघाला की पुढचे मेल वाढतात. नुसता फोटो दिसल्याने व्हायरस शिरणं दुर्मिळ आहे, मोबाईल अपडेट ठेवला तर आणखीच. खरा धोका वेगळा. बँकेचा लोगो कुणीही मेलमध्ये लावू शकतो. लोगो बघून विश्वास ठेवणारे फसतात, म्हणून आधी पाठवणाऱ्याचा पूर्ण मेल पत्ता वाचावा.

फोटो बंद करायला दोन मिनिटं लागतात. जीमेल ॲपमध्ये तीन रेघा, सेटिंग्ज, आपलं खातं, मग 'इमेजेस' आणि तिथे 'दाखवण्यापूर्वी विचारा' हा पर्याय. कॉम्प्युटरवर 'जनरल' विभागात हाच पर्याय आहे, पण खाली 'सेव्ह' दाबायला विसरू नये, नाहीतर बदल होत नाही. आयफोनवर मेलच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी प्रोटेक्शन' पाहावं. यानंतर ओळखीच्या मेलमध्येही फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसेल. खात्रीचा मेल असेल तर तेवढ्यापुरते फोटो उघडता येतात.

लिंक दाबून पैसे गेलेच असतील तर सेटिंग बघत बसू नये. लगेच 1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात नंबर एकच आहे.