पाट्याचा कोयता आणि लोहाराचं पाणी

राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या तर कमरेच्या आकडीत कोयता हवाच. आमच्या शहापूर-मुरबाडकडे तो गावचा लोहार घडवायचा, बदल्यात खळ्यावरनं बलुत्याचं भात न्यायचा.

लोखंड मात्र बदलत गेलं. महाबळेश्वरकडचे धावड पूर्वी डोंगरातला लोहदगड गाळायचे. इंग्रजांनी जंगल बंद केलं, विलायती लोखंड आलं, त्यांच्या भट्ट्या विझल्या. 1865 ला थळ घाटातून रेल्वे वर गेली. नंतर आग्रा रोडला ट्रक आले आणि मोडका कमानपाटा लोहाराच्या ऐरणीवर आला. पोलाद चिवट, धार टिकते.

यंदा हौस म्हणून भंगारातल्या पाट्याची सुरी मीच केली. पहिलं पातं लालभडक तापवून थेट पाण्यात बुडवलं, तडा गेला. दुसरं तेलात विझवलं, घासून चकचकीत केलं, मग मंद आचेवर वाळल्या पेंढ्यासारखा पिवळा रंग येईतो तापवलं. तेव्हा जमलं.

लोहार पाणी द्यायचा तो असाच रंग बघून. बाजारात तयार कोयता आला, बलुतं थांबलं. पाटा आजही भंगारात मिळतो, ती नजर मिळत नाही. गावात म्हातारा लोहार असेल तर भट्टी विझायच्या आत जाऊन बसा त्याच्याजवळ.