हन्नाचा झगा आणि बटरिकचा कागद

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात हन्नाविषयी एक लहानशी गोष्ट येते. वाचताना आपण ती सहज ओलांडून पुढे जातो. हन्नाने आपला मुलगा शमुवेल शिलो येथे एली याजकाजवळ देवाच्या सेवेला ठेवला होता. वार्षिक यज्ञासाठी ती नवऱ्याबरोबर तिथे जाई, तेव्हा दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेई. आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी ही ओवी ऐकली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माप कुठले घेतले तिने? मुलगा वर्षभर नजरेआड. मागच्या वर्षी गुडघ्याच्या किती खाली होता ते आठवायचे, शेजारच्या त्याच वयाच्या पोराकडे बघायचे, थोडा सैल बेतायचा आणि खाली दुमड जास्त ठेवायची. पवित्र शास्त्र याबद्दल काही सांगत नाही. पण ज्या आईने घरी कपडे शिवले आहेत तिला हे सांगावे लागत नाही.

हे आठवायला कारण घडले. बेळगावच्या आमच्या धर्मग्रामात शनिवारी दुपारी बायकांचा शिवण गट बसतो. गरजू मुलांचे गणवेश, वेदीवरची वस्त्रे, कधी पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, असे काम चालते. अलीकडे गटातल्या तरुण मुलींना जुन्या धाटणीचे फ्रॉक शिवण्याची हौस लागली आहे. घेरदार खालचा भाग, कमरेत बसता, छोटी कॉलर, आजीच्या लग्नाच्या फोटोत पाहुण्या बायकांच्या अंगावर दिसतात तसे. मोठ्यांपैकी काहींना हे पटले नाही. मशिनी तीन, वेळ दोन तास, आणि गणवेश पडून असताना साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मडमांची नक्कल कशाला, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. म्हणून हे फ्रॉक मुळात कुणी, कशासाठी आणि कशातून शिवले याचा आम्ही जरा शोध घेतला. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

सुरुवात मशिनीपासून. फ्रान्समधल्या बार्तेलमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली शिलाई मशीनचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये त्याच्या ८० मशिनींवर सैन्याचे कपडे शिवले जाऊ लागले, तेव्हा पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांच्या जमावाने त्या फोडून टाकल्या. पुढे अमेरिकेत इलायस हाउ याने १८४६ मध्ये वरचा आणि खालचा असे दोन धागे गुंफणाऱ्या टाक्याचे पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपली मशीन आणली. पण ती घराघरात पोचली ती यंत्रामुळे कमी आणि हप्त्यांमुळे जास्त. १८५६ च्या सुमारास सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने थोडे पैसे आधी, बाकी महिन्याच्या महिन्याला, अशी सोय काढली. एरवी साध्या घरातल्या बाईला ती वस्तू परवडणारी नव्हती.

सिंगरचा विषय निघाला की गांधीजींची आठवण येतेच. यंत्रांविषयी इतके कठोर बोलणारे गांधीजी शिलाई मशीनला मात्र अपवाद करत. १९२४ साली ‘यंग इंडिया’त त्यांचे एक संभाषण छापून आले. त्यात त्यांनी म्हटले होते की बायकोला हाताने टाके घालण्याचे कंटाळवाणे कष्ट करताना सिंगरने पाहिले आणि केवळ प्रेमापोटी हे यंत्र बनवले. गोष्ट गोड आहे. पण खऱ्या सिंगरचा संसार पाहिला तर ती त्याला शोभत नाही. एकाच वेळी अनेक घरे आणि वीसहून अधिक मुले असा त्याचा कारभार होता. आम्हांला वाटते, गांधीजींना भावलेली ती गोष्ट दुसऱ्याच एका शिंप्याच्या घरात जास्त चपखल बसते.

त्याचे नाव एबेनेझर बटरिक. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग नावाच्या गावात तो शिंपीकाम करी. १८६३ चा हिवाळा. त्याची बायको एलेन लहान मुलासाठी जेवणाच्या टेबलावर चौकड्याचे कापड पसरून झगा बेतत होती, असे सांगतात. त्या काळी कागदी नमुने मिळत, पण एकाच मापाचे. मूल लहान असो की मोठे, त्या एका मापावरून वाढवत किंवा कमी करत आणायचे, आणि तिथेच घोटाळा व्हायचा. खडूने रेघा ओढता ओढता ती नवऱ्याला म्हणाली की प्रत्येक मापाचा वेगळा नमुना मिळाला तर किती बरे होईल. हन्नाचीच अडचण ही, तीन हजार वर्षांनंतरची.

बटरिकने ते मनावर घेतले. आधी जाड कागदावर करून पाहिले, पण घड्या घालून पाठवायला ते अवघड. मग पातळ टिश्यू कागदावर आला. पहिले नमुने पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या कपड्यांचे होते. इटलीचा गॅरिबाल्डी तेव्हा घरोघरी माहीत होता, तर त्याच्या गणवेशासारखा मुलांचा पोशाख खूप खपला. बायकांचे कपडे १८६६ पासून आले आणि मग सगळा धंदाच तिकडे वळला. १८७३ मध्ये त्यांनी ‘द डेलिनिएटर’ नावाचे मासिक काढले. शहरातली श्रीमंत बाई जे घालते ते खेड्यातल्या शेतकऱ्याच्या बायकोला पोस्टाने काही सेंटांत मिळू लागले. कापड मात्र तिने आपल्या ऐपतीचे घ्यायचे.

त्या कागदांवर काही छापलेले नसे, हे ऐकून आमच्या मुलींचा विश्वास बसेना. फक्त भोके आणि कडेला खाचा. कुठली भोके म्हणजे कापडाचा उभा धागा, कुठली म्हणजे चुण्या, हे पाकिटावर वाचून समजून घ्यायचे. रेघा आणि सूचना छापलेले नमुने मॅककॉल कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर आणले.

आपल्याकडे ही कागदाची वाट रुळली नाही. इथे शिंपी होता. साहेबांच्या बंगल्यात व्हरांड्यात सतरंजीवर बसून तो जुना फ्रॉक समोर ठेवी आणि हुबेहूब तसाच दुसरा शिवून देई. बेळगाव कॅम्पातल्या जुन्या घरांतून बायका तेच स्वतः करत: विटलेला फ्रॉक उसवायचा, तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवायचे, पेन्सिलीने कड काढायची. १९३० च्या दशकात ‘उषा’ ही देशी मशीन निघाली आणि पुढे तीही या घरांत आली.

आता ज्या काळाचे फ्रॉक मुली शिवतात, त्या काळाकडे येऊ. जुन्या फोटोंत सगळ्या बायका नीटनेटक्या, हसऱ्या दिसतात. त्यामुळे तो काळ सुबत्तेचा होता असे वाटते, पण तो टंचाईचा होता. १९३० च्या मंदीत अमेरिकेतल्या खेड्यांत पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांतून कपडे शिवत. पोत्यांच्या कंपन्यांना हे कळले, तेव्हा त्यांनी फुलाफुलांच्या छापाची पोती काढली आणि कंपनीचे नाव धुतल्यावर निघून जाईल असे केले. मोठ्या बाईच्या फ्रॉकला साधारण तीन पोती लागत, म्हणून एकाच छापाची तीन आण असे नवऱ्याला बजावून बाजारात धाडत. त्या फुलांच्या छापालाच आज लोक ‘व्हिंटेज प्रिंट’ म्हणून कौतुकाने विकत घेतात.

इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपन. लोकरी फ्रॉकला ११, सुतीला ७, बायकांच्या बुटांना ५. पुढे कूपन कमीच होत गेले आणि हे रेशन मार्च १९४९ पर्यंत चालले. चुण्या किती, बटणे किती, खिसे किती, यावरही सरकारी मर्यादा होत्या. त्या काळच्या फ्रॉकचा घेर आखूड आणि खांदे चौकोनी दिसतात त्यामागे कापड वाचवण्याची ही सक्ती मोठी होती. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून बायकांना पडद्याचे, नवऱ्याच्या सुटाचे, दोन जुन्यांतून एक नवे कसे करायचे हे शिकवले. आपल्या आज्यांना ती पुस्तिका वाचून हसू आले असते. जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे शेवटी पायपुसणे हा अभ्यास आपल्याकडे कुणी पुस्तकातून शिकलेले नाही.

या पार्श्वभूमीवर १२ फेब्रुवारी १९४७ हा दिवस पाहावा. पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओरने आपला पहिला संग्रह दाखवला. कमर आवळलेली, खाली प्रचंड घेर, एकेका पोशाखाला मीटरच्या मीटर कापड. अमेरिकन संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि ते नाव चिकटले. त्याच वर्षी पॅरिसच्या रू लेपिक या बाजाराच्या रस्त्यावर हे कपडे घालून छायाचित्रे काढायला आलेल्या तरुणींवर तिथल्या बायका धावून गेल्या आणि त्यांनी ते कपडे ओढून फाडले. त्या बायका मत्सरी होत्या असे कुणी म्हणेल. आम्हांला तसे म्हणवत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे पोरांच्या कपड्याला ठिगळे लावली, त्यांच्यासमोर कुणी कापडाचा असा डोंगर मिरवत नेला तर हात उठणे चुकीचे असले तरी कळण्यासारखे आहे.

आणि तरीही तो घेर सगळ्यांना हवासा वाटला, हेही खरे. वाईट काळ संपल्याची ती खूण होती. दिओरचा पोशाख विकत घेणे ज्यांना शक्य नव्हते त्यांनी तो घरच्या मशिनीवर उतरवला. १९५२ मध्ये बटरिक कंपनीनेच ६०१५ क्रमांकाचा नमुना काढला, तो ‘वॉकअवे ड्रेस’ या नावाने गाजला. सकाळच्या न्याहारीनंतर बेतायला घ्यायचा आणि दुपारच्या जेवणाला घालून बाहेर पडायचे, असा त्याचा दावा. युक्ती सोपी आहे. तुकडे अगदी मोजके. डोक्यातून घालायचा, पुढचा अरुंद भाग मागे नेऊन अडकवायचा आणि मागचा मोठा घेर पुढे आणून कमरेवर बटण लावायचे. बाही नाही, झिप नाही. सगळ्या कडांना उरेब पट्टी. याच शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत कंपनीने तो पुन्हा छापला आणि आमच्या मुलींनी शिवलेला पहिला फ्रॉक तोच. जेवणापर्यंत कुणाचाही झाला नाही. ती उरेब पट्टी लावता लावता दुसऱ्या शनिवारची संध्याकाळ झाली.

हे शिवताना उपयोगी पडलेल्या दोनतीन गोष्टी सांगून ठेवतो. जुन्या पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नये. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा १४ नंबर म्हणजे छाती ३२ इंच. आजच्या नमुन्यात १४ नंबर म्हणजे ३६. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कंपन्यांनी हे आकडे बदलले. आमच्या एका मुलीला जुने पाकीट बघून आपण फार जाड झालो असे वाटले आणि ती डोळ्यांत पाणी आणून घरी निघाली होती. तिला टेप हातात देऊन बसवावे लागले. दुसरे, चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर एकदा बेतून पाहावे. खडेबाजारात ते अजून स्वस्तात मिळते. तिसरे, गोल घेराचा फ्रॉक शिवल्यावर लगेच खालची दुमड घालू नये. एक रात्र टांगून ठेवावा. उरेब बाजूचे कापड वजनाने खाली उतरते, दुसऱ्या दिवशी कड वाकडी दिसते, मग ती सारखी कापून हेम घालावे.

गणवेशांचा प्रश्न उरतोच. तो सोडवायला आम्हांला प्रेषितांच्या कृत्यांतली टबीथा आठवली, ग्रीक भाषेत दुर्कस, म्हणजे हरिणी. यापो गावची ही शिष्या वारली, तेव्हा लोद येथून पेत्राला बोलावून आणले. माडीवरच्या खोलीत गावातल्या सगळ्या विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवत होत्या. त्यांनी तिच्या गुणांचे भाषण केले नाही, कपडे पुढे धरले. पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या चर्चांमधून गरिबांसाठी कपडे शिवणारी बायकांची मंडळे निघाली, त्यांनी तिचेच नाव घेतले. ते कपडे कसे होते, जाडेभरडे की सुंदर, हे लूक सांगत नाही. पण विधवांनी ते जपून ठेवले होते आणि अशा वेळी दाखवावेसे त्यांना वाटले, एवढे तर दिसते. गरिबाचा कपडा म्हणजे कसाही चालेल, असे ती मानत नसावी.

तेव्हा गटात असे ठरले आहे. गोल घेर चौकोनी कापडातून बेतला की चारही कोपरे उरतात. ते फेकायचे नाहीत. जी मुलगी स्वतःसाठी फ्रॉक शिवेल तिने त्याच कापडाच्या कोपऱ्यांतून, लागले तर दुसरा साधा तुकडा जोडून, वसतिगृहातल्या एका लहान मुलीचा फ्रॉक शिवायचा. कॉलर तीच, बटणे तीच, शिवण तितकीच सरळ. गणवेश पहिला तास, फ्रॉक दुसरा. ज्या ताईंनी सगळ्यात जोरात विरोध केला होता त्यांनी काजे करण्याचे काम मागून घेतले आहे, कारण मुलींची काजे त्यांना बघवत नाहीत.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता सभागृहात वॉकअवे फ्रॉकचे बेतणे पुन्हा दाखवणार आहोत. येताना जुनी चादर, इंची टेप आणि खडू आणावा. छाती, कंबर आणि खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी इंचात लिहून आणावी. वसतिगृहातल्या मुलींची मापे आम्ही घेऊन ठेवली आहेत, तारखेसह. जूनमध्ये पुन्हा घ्यावी लागतील.