मागच्या बाकावरची निरीक्षण वही

कणकवलीशेजारच्या देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. 'दर्पण'मुळे आपण त्यांना पत्रकार म्हणून ओळखतो. पण ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि 1845 मध्ये शिक्षक घडवणाऱ्या मुंबईच्या अध्यापक वर्गाची सूत्रं त्यांच्याकडे आली. गणित येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे अशा वर्गांमागचं गृहीतक होतं. पावकी-निमकी घोकून घेणाऱ्या पंतोजीला आपलं शिकवणं दुसऱ्या पंतोजीला दाखवावं लागत नसे. पुढे अध्यापक विद्यालयांत सराव पाठ रुळले आणि शिक्षकाचं काम त्याच्या बरोबरीच्यांसमोर उघडं झालं. प्रशिक्षणाच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि आपण नेमकी तीच वाया घालवली.

वाया गेली ती साच्यामुळे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांची पाच पायऱ्यांची पंचपदी पाठ टाचणात उतरली, तेव्हा निरीक्षणही पायऱ्या मोजू लागलं. 402 वजा 178 हा पाठ घ्या. छात्रशिक्षक काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवतो, 'समजलं का?' विचारतो, वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. सहाध्यायी वहीत लिहितो : विषयप्रवेश चांगला, फलकलेखन सुवाच्य. पण त्याच्याच पुढ्यातल्या मुलाच्या पाटीवर 376 आहे. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय; मधलं शून्य ओलांडून हातचा कसा आणायचा, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. फळ्याजवळून ही पाटी दिसत नाही, मागच्या बाकावरून दिसते.

यावर आक्षेप येतो की शिकाऊ माणूस शिकाऊ माणसाला काय सुधारणार? उपाय सुचवायला अनुभव लागतो, हे मान्य. पण मुलाने काय लिहिलं ते जसंच्या तसं टिपायला लक्ष पुरतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : उद्या आपलाही पाठ असतो, म्हणून मित्राला कोणी दुखवत नाही. म्हणून तर अभिप्राय माणसाबद्दल नको, पाटीबद्दल हवा. '376 आलं' या नोंदीत मित्राचा अपमान कुठे आहे? असं पाहणं नवं नाही : जपानमधले शिक्षक एकत्र पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात. ही परंपरा शतकाहून जुनी आहे. स्टॅनफर्डमध्ये 1963च्या सुमारास आकाराला आलेल्या सूक्ष्म अध्यापनाच्या भारतीय रूपात 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं पुनर्नियोजन आणि मग पुन्हा पाठ असा क्रम आहे. सर्वांत जास्त वेळ नव्याने आखणीला दिलाय, यातच त्याचं मर्म आहे. आपल्याकडे मात्र चर्चा झाली, सही झाली की वही मिटते. तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर पुन्हा होत नसेल, तर ऐकलेल्या अभिप्रायाचा उपयोग झाला की नाही, हे कळणार कसं?

कणकवलीतल्या शिक्षकांना म्हणून एकच विनंती : केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत आदर्श पाठ ठेवू नका. अडलेला पाठ ठेवा आणि चर्चेनंतर तोच पुन्हा घ्या.