रिवेट की वेल्डिंग? रणगाड्यांच्या सांध्यांतला इतिहास

१/७
अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयात आपण तोफा पाहतो, सांधे सहसा पाहत नाही. वस्तुतः पोलादाचा एक तुकडा दुसऱ्याला कसा जोडला आहे, यावरूनही वाहनाचा काळ ओळखू येतो. आजचा धागा या सांध्यांविषयी आणि त्यांच्या दुरुस्तीविषयी.

२/७
आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये हे संग्रहालय उभारले. येथील सर्वांत जुने वाहन म्हणजे रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ चिलखती गाडी. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने आलिशान मोटारींच्या चासीवर चिलखती पत्रे चढवून या प्रकारच्या गाड्या घडविल्या.

३/७
तेव्हा चासीचे लांब व आडवे दांडे रिवेट ठोकून जोडत. विद्युत वेल्डिंग ठाऊक होते. स्वीडनमध्ये ‘एसाब’ ही वेल्डिंगची कंपनी १९०४ मध्येच निघाली होती. परंतु भार वाहणाऱ्या सांगाड्यासाठी त्यावर विश्वास बसण्यास काही दशके जावी लागली.

४/७
दुसऱ्या महायुद्धाने रिवेटचा धोका उघड केला. गोळा चिलखत भेदू शकला नाही, तरी आघाताने तुटलेला रिवेट आत बंदुकीच्या गोळीसारखा सुटे. संग्रहालयातील जपानी ‘टाइप ९५’ रिवेटच्या पिढीतला. ‘सेंच्युरियन’ आणि आवडीला बनलेला ‘विजयंता’ वेल्डिंगच्या पिढीतले.

५/७
आता जुन्या चासीला तडा गेला आहे असे समजा. सरळ वेल्डिंग केल्यास उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ होऊन तेथेच नवा तडा जाऊ शकतो. म्हणून जाणता कारागीर आधी दोन्ही कर्ण मोजून सांगाडा काटकोनात असल्याची खात्री करतो, तड्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडून त्याची वाढ रोखतो, आणि मगच जोड देतो.

६/७
तरीही प्रश्न उरतो. रिवेटांमधील अंतर, हातोड्याच्या खुणा, रणांगणावरची घाईची डागडुजी हे सारे पुरावेच आहेत. ग्राइंडरने सारे गुळगुळीत केले की ते नष्ट होतात. १९६४ ची व्हेनिस सनद वास्तूंबाबत सांगते की, नवा भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, पण वेगळा ओळखूही यावा. वाहनांनाही हेच तत्त्व लागू व्हावे.

७/७
गाडी संचलनात धावणार असेल, तर मजबुतीला पर्याय नाही. मात्र आधी छायाचित्रे व मापे नोंदवावीत आणि नव्या जोडावर साल कोरावे. ती केवळ उभी राहणार असेल, तर गंज थांबवावा, खालून आधार द्यावा आणि तडा तसाच ठेवावा. कारण तो तडाही त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे.