डहाणूची वीज आणि टेबलाखालची पेटी

दिवाळीत पणतीचे कौतुक सर्वांनाच असते. मी मात्र वाचकांना टेबलाखाली धूळ खात पडलेल्या एका काळ्या पेटीची हकीकत सांगणार आहे. तिला आमच्याकडे लहानथोर सारेच 'यूपीएस' म्हणतात.

तिच्या पोटातील बॅटरी तशी फार जुनी. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली केली. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे आम्ल, हीच सामग्री आजही चालते. वीज असेतोवर ही बॅटरी भरत राहते, आणि वीज गेली की पेटी तिच्या १२ व्होल्टमधून २३० व्होल्टची वीज करून संगणकाला पुरवते. ही अदलाबदल साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकावी लागते, कारण त्याहून फार अधिक काळ संगणकाला दम धरवत नाही. मग जी दहापंधरा मिनिटे हाती लागतात, ती काम जपून ठेवून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी. सिनेमा पाहण्यासाठी नव्हेत, हे घरातल्या मुलांना पटविणे मात्र कठीण!

आता डहाणूकडे वळू. हा तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तरीही येथेच ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आणि १९९५ पासून चालू झाले. चिकूच्या वाड्यांना धुराचा त्रास होईल म्हणून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९६ साली निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी एक प्राधिकरण नेमले गेले. केंद्राचे मालक पुढे बदलले, पण वीज आजही जाते ती मुंबईच्या उपनगरांत. उंच मनोऱ्यांवरच्या तारा आमच्या डोक्यावरून दक्षिणेकडे निघून जातात. खालच्या गावांना वीज देणारी व्यवस्था निराळी.

त्याचा खरा अर्थ कळला तो भारनियमनाच्या काळात. २००५ च्या सुमारास राज्यात विजेची टंचाई कडाडली. गावोगावी तासन् तास वीज बंद असे. मुंबई तेवढी सुटली होती. पुढे वीजगळती आणि थकबाकी पाहून भागांचे गट पाडले गेले. ज्या भागात वसुली कमी, त्याला अंधार अधिक. तलासरीच्या विखुरलेल्या पाड्यांपर्यंत तारा लांबच लांब, आणि वारली कुटुंबांच्या हाती रोकड थोडी. तेव्हा हा हिशेब कुणाच्या माथी बसणार, हे निराळे सांगायला नको. गंमत अशी, की नेमक्या त्याच वर्षांत एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि संगणक घरात आला. म्हणून आमच्याकडे संगणकाबरोबर पेटी घेणे ही चैन नव्हती. कपाबरोबर बशी यावी तशी ती येई.

पुढे दाखल्यांचे कामही संगणकावर गेले. पाड्यावरून पायी आलेली एक मुलगी जातीच्या दाखल्यासाठी अर्ज भरायला बसलेली मी पाहिली आहे. अर्धा अर्ज झाला आणि वीज गेली. पेटी टूं टूं करू लागली, केंद्रातला पोरगा भराभर बोटे चालवू लागला, आणि अर्ज गेला एकदाचा! त्या दहा मिनिटांनी तिची दुसरी खेप वाचविली. पेटीची बॅटरी म्हातारी असती, तर? आमच्या दमट उकाड्यात ती दोनतीन वर्षांतच थकते.

विलक्षण गोष्ट ही, की मुंबईलाही अशीच एक पेटी आहे. बाहेरचे जाळे कोसळले तर शहराने त्यापासून सुटे होऊन ट्रॉम्बे, डहाणू इत्यादी केंद्रांच्या जोरावर चालत राहावे, अशी योजना १९८१ पासून आहे. म्हणजे डहाणू हे मुंबईच्या टेबलाखाली ठेवलेले! १२ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र ही योजनाही शहराला पुरती सावरू शकली नाही. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि मुंबईचे नातलग आम्हांला फोन करून विचारू लागले, "तुमच्याकडे आहे का हो वीज?" या प्रश्नाची दिशा एरवी उलटी असते.

२०१२ नंतर भारनियमन ओसरत गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने खांब आणि चिकूची झाडे आडवी केली, तेव्हा दहा मिनिटांच्या पेटीचा काही इलाज चालला नाही. आता संगणकाची जागा लॅपटॉपने घेतली आहे, त्याची बॅटरी त्याच्याच पोटात असते. जुनी पेटी गेली. तिच्या जागी वायफायच्या डबीला जोडलेली तळहाताएवढी नवी पेटी आली आहे.